साल नसलेली फ्रेम

आमच्या देऊळघाटच्या शाळेसाठी फ्रेमा करणारा माणूस बोलताना समोरच्याकडे बघत नाही, काच पुसत राहतो. प्रत्येक थोर पुरुषाच्या फोटोखाली तो जन्म-मृत्यूच्या सालाची पट्टी चिकटवतो. नाताळसाठी सांगितलेल्या येशूच्या फोटोखाली मात्र त्यानं ती लावलीच नाही.

हेडमास्तर म्हणाले, "तुमचा देव काय सालाबाहेरचा आहे का?"

"हाव सर. जग नव्हतं तेव्हाबी तो होता, अन् आजबी जिता आहे. मेल्याचं साल मी त्याले लावत नसतो."

"मंग पुढचं काम विसरा."

"विसरलो," म्हणत तो काच पुसत राहिला.

मीही ख्रिस्ती, घरातला पहिला पदवीधर, शिकवतो इतिहास. तो फोटो मी माझ्याच वर्गात फळ्याच्या वर टांगला. ज्याला साल पाहिजे, त्यानं मला विचारावं.