सुई चालून राहिली

भर मे महिन्यात, नागपुरात, पाहुणे आल्यावर स्वतःच्या हातानं कूलर बंद करणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. हे आमचे मामाजी वीज खात्यातून निवृत्त होऊन नंदनवन वस्तीत राहतात. घरात दोन कपाटं भरून जुन्या रेकॉर्डी. कूलरच्या मोटारीची थरथर फरशीतून टेबलात आणि टेबलातून सुईत जाते, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, घामाच्या धारा लागलेल्या असताना, सविस्तर समजावून सांगितलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन खुर्चीकडे निघालो, तर हात आडवा करून म्हणाले, "जावईबापू, हळू चाला. सुई चालून राहिली." गाणं संपेपर्यंत नवा जावई खोलीच्या मधोमध उभा. मामीजी तर पोह्यांना फोडणीसुद्धा रेकॉर्डची बाजू बदलताना देतात.

सुईचा भार तोलायला त्यांनी सोनाराकडचा छोटा काटा आणलाय. दोन ग्रॅमच्या खाली गेली तर सुई उड्या मारते, वर गेली तर रेकॉर्डची खाच खाते. रेकॉर्डमधलं शेवटचं, अगदी आतलं गाणं जरा चरचरतं, त्याचंही कारण त्यांच्याकडे तयार. मूळचे शेतकऱ्याघरचे, त्यामुळे उदाहरण थेट मळणीचं. खळ्यात खांबाजवळचा बैल एका फेऱ्यात थोडंच चालतो, बाहेरचा पुष्कळ. तसं मधातल्या खाचेत तेवढ्याच वेळाचं गाणं कमी जागेत कोंबावं लागतं. हे मला पटलं, पण पटल्याचं सांगितल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून समजावू लागले.

गेल्या वर्षी त्यांच्या एका आवडत्या लावणीतली घुंगरं बुडाली. त्यांनी सुई बदलली. मग आणखी एक, मग तिसरी. वायरी बदलल्या, दुकानदाराशी भांडले. शेवटी एका रविवारी मला बोलावून घेतलं. मी ऐकलं. घुंगरं चांगली छमछमत होती. तसं सांगितलं, तर मामाजी माझ्याकडे संशयानं पाहू लागले. तेवढ्यात आतून मामीजी हळूच म्हणाल्या, "मले तं इथून ऐकू येऊन राहिलं."

मामाजींनी सुई उचलली. रेकॉर्ड पाकिटात घातली.

धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वयानं वरचे सूर गेलेत, ते परत यायचे नाहीत, यंत्र लावा. यंत्र निघालं डिजिटल. "जलमभर ज्याच्या नावानं बोटं मोडली," मामाजी म्हणाले, "तेच आता कानात घालू?" शेवटी भाजी आणायला जाताना घालू लागले. रेकॉर्ड लावताना मात्र काढून डबीत ठेवतात.

आता दर रविवारी मी जातो. रेकॉर्ड फिरते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. घुंगरांची जागा आली की विचारतात, "आलं?" मी मान हलवतो, आणि त्यांचा चेहरा खुलतो.

परवा माझं लक्ष ऑफिसच्या कामात होतं. त्यांनी विचारलं, मी सवयीनं मान हलवली. ते इतके मनापासून हसले की मलाच लाज वाटली. म्हणालो, "मामाजी, माझं लक्ष नव्हतं. पुन्हा लावा."

ते रागावले नाहीत. दांडा उचलून त्यांनी सुई बरोबर त्याच खाचेवर टेकवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि दोघांपुरतं ऐकू लागलो.