आईच्या नावाची पाटी

पाटीवाले आले तेव्हा मी त्यांना घरात घेतलं नाही, दारातच उभं ठेवलं. परळीत जिथं पूर्वी थेटर होतं आणि आता आडतीची दुकानं आहेत, तिथं जुन्या कलावंतांच्या पाट्या लागणार होत्या. पहिली माझ्या आईची. आईची सगळी उमर त्या थेटरात लावणी गाण्यात गेली.

बोलायला आलेला पुढारी आमच्या जुन्या गल्लीतलाच. त्याच्या बापानं घरोघर फिरून, लोकांना भरीला घालून आम्हाला गल्लीतून काढलं होतं. तेव्हा मी शाळेत जायचे. पोरगा आता हात जोडून ‘मावशी, मावशी’ करत होता. मला त्याच्या गोड तोंडाचा संताप आला.

“जायचं न्हाई,” मी आईला बजावलं.

“कावून? माजं नाव लागतंय, मी बगू नगं?”

गेलो. पडदा सरकला. काळा दगड, सोनेरी अक्षरं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. भजन आणि भक्तिगीतांची आयुष्यभर सेवा करणाऱ्या थोर गायिका, असं लिहिलं होतं. खाली आईचं नाव.

आईनं माझ्याकडं पाहिलं. “ही कोण बाई हाय?”

पुढारी वाकून हळूच म्हणाला, “मावशी, हितून आयाबहिणी येत्यात-जात्यात. लावणी म्हणलं की लोक कायबी बोलत्यात. म्हणून जरा सांबाळून लिवलं.”

“देवळात एक अभंग म्हणू दे म्हणलं, तर तुज्या बापानं मला पायरीवरून हाकललं. मग मी भजन कवा गायले रं?”

त्यानं घाईघाईनं शाल पुढं केली. आईनं ती घेतली, घडी घातली आणि त्याच्याच हातात परत दिली. “लावणी लिव. न्हाईतर माजं नाव काड.”

त्यांनी नाव काढलं. महिन्याभरात तिथं दुसरी पाटी आली. तीवर जुन्या थेटराचं नाव आहे आणि उद्घाटकाचं, त्याच पुढाऱ्याचं, ठळक अक्षरांत. गाणाऱ्या एकाही बाईचं नाही.

आईला त्याचं काही वाटलं नाही. “खोटं तर न्हाई ना आता,” म्हणाली आणि शेजारणीशी बोलत बसली. मला तिच्याएवढं मोठं मन नाही. तो पुढारी बाजारात अजूनही नमस्कार करतो. मी त्याच्या तोंडाकडं बघते आणि हात खालीच ठेवते.