घारीला हाकलू नका, काकू

पॅराग्लायडिंगची हौस मला साठीत आली. कामशेतच्या डोंगरावरून उडालो तेव्हा मागे पायलट होता, पुढे पट्ट्यांनी बांधलेली मी, आणि पायांखाली नुसती हवा.

तेवढ्यात डाव्या बाजूला घार आली. अगदी जवळ, पंख न हलवता, मान किंचित वाकडी करून माझ्याकडे बघत. माझा जन्म गेला अलिबागच्या मासळीबाजारात. तिथे घार दिसली की बायका आधी पिशवीवर पदर ओढतात आणि मग ओरडतात. इथे ना पदर, ना पिशवी, ना बांगडे, तरी मी दोन्ही हातांनी मांडी झाकली आणि ओरडले, "हाड्! हाड्!"

"अहो काकू, हाकलू नका तिला!" पायलट कळवळला. "वर जाणारी हवा तिलाच कळते. तिच्या मागे गेलो तर वर जाऊ, नाहीतर आत्ता शेतात उतरू."

मी मांडीवरचे हात काढले. आपल्या बाजारातून तिला हाकलणं एक वेळ ठीक. पण तिच्याच घरात शिरून तिलाच हाड्? तिने मात्र मनावर घेतलं नाही. ती गोल गोल वर गेली आणि बिनबोलावलेले पाहुणे पंगतीत शिरतात तसे आम्ही तिच्या मागोमाग.

परवा बाजारात घारीने माझा बांगडा उचललाच. मी वर बघून हात केला.

"ओळखीची हाय काय गो?" कोळीण हसली.

"हो," म्हटलं, "मी जाऊन आलेय हिच्याकडे."