डाक्टरच्या खोलीतला उन्हाळा

मामीचा फोन आला तेव्हा मी चौकात पत्रकं वाटत होते. "तुझा मामा गेला वं..." एवढं म्हणून ती रडत राहिली, आणि रडता रडताच मागे कुणावर तरी ओरडली, "त्या खोलीतला एसी बंद नका करू!" नागपूरच्या जरीपटक्यातल्या मामाच्या घरी पोचले, तर दारात माणसं घामाने निथळत उभी आणि आत काचेच्या टाकीत मामाचा मासा गारव्यात. मामा असता तर पोट धरून हसला असता.

सुधाकरमामा उमरेडजवळच्या कोळसा खाणीत पंप चालवायचा. "जन्मभर पानी बाहेर फेकलं, आता थोडं घरात भरतो," म्हणत निवृत्तीनंतर त्याने टाकीत समुद्रासारखं खारं पाणी तयार केलं आणि एक निळाशार सर्जनमासा आणला. या माशाच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो, म्हणून ते नाव. मामा त्याला 'डाक्टर' म्हणायचा. टाकी साफ करताना डाक्टरने बोट कापलं, की ते साऱ्या गल्लीला दाखवायचा, "फुकटात ऑपरेशन!" डाक्टरचं जेवण म्हणजे चिमट्याला लावून पाण्यात सोडलेला पालक. "मी मटन खातो अन् मासा भाजी खाते," याचं मामाला फार कौतुक.

पण या माशाला तापलेलं पाणी सोसत नाही, आणि उन्हाळा नागपूरचा. म्हणून घरातला एकमेव एसी डाक्टरच्या खोलीत लागला. मी तेव्हा शाळेत होते, बाबांच्या छापखान्यातली पत्रकं वाचत वाढलेली. अन्याय दिसला की हात शिवशिवायचे. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माशाला एसी, माणसाला उकाडा! हा कुठला न्याय?' आणि कागद टाकीच्या काचेवर चिकटवला. मामाने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाला, "मजकूर बरोबर आहे. आता सांग, माशाले बाहेर काढू का मानसाईले आत घेऊ?"

दुसऱ्या दुपारपासून खोलीचं दार उघडं. बाया निवडायची भाजी घेऊन यायच्या, परीक्षेवाली मुलं पुस्तकं घेऊन. भांडणं, हशा, कुणाचं तरी घोरणं... आणि डाक्टर काचेला तोंड लावून साऱ्यांकडे बघत असायचा. पुढे प्रत्येक उन्हाळा असाच गेला.

माझं एवढ्याने भागलं नाही. कॉलेजात गेल्यावर मी दुसरं भांडण काढलं. समुद्रातून धरून आणलेला जीव काचेत कोंडायचा हक्क कुणी दिला? मामा म्हणाला, "हे तुझं खरं आहे. याच्यानंतर दुसरा नाही आननार. पन याले आता कुठी सोडू? अंबाझरी तलावाच्या गोड्या पान्यात?" त्याने शब्द पाळला. दुकानदार नवनवे मासे दाखवायचा, मामा हात जोडायचा. पण डाक्टरला शेवटपर्यंत सांभाळणं आपल्यावर आहे, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

मामा गेल्यावर तेच मामीवर आणि माझ्यावर आलं, आणि डाक्टरने खाणं सोडलं. दुखवट्याचं घर म्हणून आम्ही ती खोली लोटून घेतलेली, आवाज नाही, दिवाही मंद. मी पालक लावायची, तो दगडामागून हलायचा नाही. पानं तशीच कुजायची. "हा बी जाईल वं," मामी म्हणायची. दुकानदार त्याला घेऊन जायला तयार होता आणि मामी जवळजवळ कबूल झाली होती.

मे लागला. एका दुपारी शेजारच्या शांताबाई कैऱ्यांची पाटी घेऊन थेट आत शिरल्या. "काहून वं, मानूस गेला म्हनून खोलीलेबी कुलूप का? सरक, बसू दे!" मागून आणखी दोघी आल्या. विळ्या मांडल्या गेल्या. लोणच्यात मोहरी किती, यावरून जुंपली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मामीचा आवाज चढला, "तेवढी मोहरी टाकली तर खाईल कोन?"

डाक्टर दगडामागून बाहेर आला. आवाजाच्या दिशेने काचेपर्यंत आला, एक फेरी मारली आणि पालकाचा लचका तोडला. मग दुसरा.

दुकानदाराला मामीने फोनवरच नाही सांगितलं. जीव पकडून विकण्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. डाक्टर जगेल तोवर त्याचा पालक मात्र मी लावणार. दुपारी दार उघडं असतं. टाकीसमोरची मामाची खुर्ची आम्ही रिकामी ठेवत नाही. जो आधी येईल, तो तिच्यावर बसतो.