सुनेच्या वजनावर हासणाऱ्यांनो

बायांनो, आज दुपारपासून माझं डोकं फिरलंय.

घरी पावणे आलते. सून वाढायली होती. तर माझा लेक सगळ्यांपुढं म्हणतो, "हिच्यासाठी आता दार मोठं करावं लागतंय." पावणे खी खी हासले. सून आत आली आन मला म्हणली, "आत्याबाई, मी आजपासून जेवणारच न्हाई."

मी म्हणलं, "जेव गप. उपाशी राहून चक्कर येती, वजन जात न्हाई."

पावणे गेल्यावर लेकाला धरला. "तू परभणीचं दुकान बंद करून रात्री उशिरा येतूस. तवर ती उपाशी बसती. मग नातवांनी टाकलेला भात, पातेल्यातली उरलेली भाजी, वाया जाऊ नये म्हणून तीच संपवती आन तशीच आडवी होती. अंग सुटंल न्हाईतर काय?"

"तिला थांब म्हणून कुणी सांगितलं?"

"तुला ताट हातात लागतंय म्हणून थांबती, मुडद्या!"

आज दिवेलागणीलाच मी आन सून जेवलो. गरम भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण, काकडी. मग पोखर्णीच्या रस्त्यानं चालून आलो. आता रोज जाणार. नातवांनी ताटात टाकलेलं म्हशीला घातलं.

रात्री लेक दुकानावरनं आला, "वाढा की" म्हणला. मी म्हणलं, "टोपल्यात हाय, घे हातानं." लय तोंड वाकडं केलं, पण घेतलं.

तुमच्या घरात उरलेलं कोण खातंय, खरं सांगा. त्या बाईला आधी येळेवर गरम जेवू द्या, मग तिच्या वजनावर तोंड उघडा.