बाविसावा गडी

थॉर्नविकसारख्या चिखलाच्या गावात हा अमेरिकन फुटबॉल आणला कुणी, याचा जाब मागायचाच झाला तर क्लिफ टॉर्डॉफकडे मागावा लागेल. त्याचा गुन्हा एवढाच, की तो नाही म्हणाला नाही.

साल पंच्याऐंशी. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर अमेरिकेतले सामने दाखवायला लागले होते आणि आमच्या विद्यापीठातल्या सहा कार्ट्यांच्या अंगात ते वारं शिरलं. क्लिफ तेव्हा सव्वीस वर्षांचा, मैदानावर गवत कापायचा, रेघा मारायचा. पोरं त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "दर पाच यार्डांवर एक रेघ मारून दे ना." त्याने दिली मारून! दुसऱ्या दिवशी रग्बीचा सेक्रेटरी बोंबलत आला, "टॉर्डॉफ, हे मैदान आहे की गादीची खोळ?" तो राग त्या माणसाने मरेपर्यंत धरला.

संघाचं नाव ठेवलं हेरन्स, म्हणजे बगळे. पहिला सामना अठ्ठावन्न-शून्यने हरले. जवळच्या अमेरिकन हवाई तळावरच्या सैनिकांनी टाकून दिलेली हेल्मेटं मिळाली होती, पण ती घालायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघांचे कान सोलून निघाले. ते पाहून क्लिफचं टाळकं सटकलं. त्याने सगळी हेल्मेटं पोत्यात भरून आपल्या पत्र्याच्या खोलीत नेली आणि आठवडाभर त्यांच्याशी झटापट केली. तिथून पुढे अडतीस वर्षं हेरन्सचं प्रत्येक डोकं त्याच्या हाताखालून गेलं. गालाच्या गाद्या बदलायच्या, आतल्या पिशवीत पंपाने हवा भरायची, हनुवटीचा पट्टा ओढायचा आणि मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून गदगदा हलवायचं. "हेल्मेटाबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. नुसतंच हेल्मेट हललं, तर ते डोक्यावरचं पातेलं," हे तो प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचा.

बायको बेरिल. चौऱ्याण्णव साली ती बहिणीकडे गेली ती कायमची. जाताना म्हणाली, "रविवारी तू त्यांचा, बुधवारी त्यांचा, उरलेले दिवस त्यांच्या घामट कपड्यांचा. माझा कधी होतास सांग." चूक बेरिलची होती असं गावात कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही.

सत्त्याण्णव साली हेरन्सनी चषक जिंकला. त्या वर्षी साठ पोरं होती. आता तसं राहिलेलं नाही. ऑक्टोबरात नव्या विद्यार्थ्यांच्या जत्रेत शंभर जण हौसेने नाव घालतात, पहिली गारठ्याची सकाळ आली की निम्मे गळतात, आणि मार खाल्ला की उरलेल्यांतले निम्मे. जानेवारीत पंचवीस-तीस टाळकी उरतात. तीच हल्ला करतात, तीच बचाव करतात, चार तास मैदानाबाहेर म्हणून येत नाहीत. आणि लीगचा नियम काय, तर नाणेफेकीच्या वेळी बावीस गडी पूर्ण वेशात उभे पाहिजेत. एकवीस असले तरी सामना गेला. एका हंगामात असे दोन सामने गेले की संघ लीगबाहेर.

दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात तापाची साथ आली आणि अठराच आले. एक सामना गेला.

दुसरा जाऊ द्यायचा नाही, एवढीच गोष्ट मग क्लिफच्या डोक्यात राहिली. नोकरीतून तो केव्हाच निवृत्त झाला होता, पण खोलीची किल्ली त्याच्याकडेच होती. विद्यापीठाच्या क्रीडा कचेरीला त्या पत्र्याच्या जागी व्यायामशाळा हवी होती. लीगमधून नाव गेलं असतं तर वसंतात बुलडोझर आलाच असता. क्लिफ रोज पोरांना फोन करायचा, कुणाला खोकला, कुणाची परीक्षा, कुणाचं प्रेमभंगाचं रडगाणं, सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा, "रविवारी येतोयस ना रे बाबा?"

सामना होता जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. बुधवारी दुपारी सराव झाला. लायल पिकर्सगिल नावाचा पोरगा, वीस वर्षांचा, दगडमातीचं शास्त्र शिकणारा, सरावात समोरच्यावर आडवा आदळला आणि उठताना एका गुडघ्यावर जरा जास्तच वेळ राहिला. पावसाची झड होती, कोच नदीमने पाहिलं नाही. क्लिफने पाहिलं.

सराव संपल्यावर लायल खोलीत हेल्मेट परत द्यायला आला.

"क्लिफ, डोकं ठणकतंय यार. बुटाची नाडी बांधायला गेलो तर दोन दोन दिसतात."

आता हे नीट ऐका. अशा वेळी काय करायचं हे क्लिफला थॉर्नविकमधल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक होतं. डोक्याला हादरा बसलेला पोरगा कधीच खरं बोलत नाही, बरा आहे बरा आहे करत पुन्हा मैदानात घुसतो. म्हणून क्लिफ सरळ त्याचं हेल्मेटच काढून घ्यायचा. कपाटात कुलूपबंद. तीन आठवडे. कप्तान असो, कोचचा लाडका असो, शिव्या देवो, रडो. एकदा तर अंतिम सामन्यात तो एका पोराच्या हेल्मेटवर अर्धा तास बसून राहिला होता. आणि हा पोरगा तर आपणहून खरं सांगत होता.

क्लिफने भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. पाय मोडलेला एक, लग्नाला गेलेला एक, घरी निघून गेलेले दोघे. उरले बावीस. लायल धरून.

"झोप नीट काढ," तो म्हणाला. "पाणी पी. उतरेल."

"नदीमला सांगू का?"

"त्याच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे? रविवारी नाणेफेकीला नुसता उभा राहा. मग तुला मी बाकावर बसवतो. खेळायचं नाही."

"चालेल," लायल म्हणाला, आणि हसला.

रविवारी नदीमने विचारलं, "क्लिफ, किती झाले?" क्लिफने रांगेतून फिरत एकेका हेल्मेटावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "बावीस." रेफरीनेही मोजले. सामना सुरू झाला, लायल बाकावर बसला. दुसऱ्या डावात एकाचं मनगट गेलं, एकाला श्वास घेता येईना. नदीम ओरडला, "लायल, आत!" क्लिफ बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी तुटलेला पट्टा बसवत होता. त्याने मान वर केली तेव्हा लायल मैदानात पोचला होता. ओरडायला वेळ होता. पण ओरडायचं म्हणजे बुधवारचं सगळं सांगायचं, रेफरीसमोर. फार तर दोन मिनिटं खेळेल, असं मनात म्हणून क्लिफने तो पट्टा पुरा केला.

धडक साधीच होती. लायल उठला, चार पावलं चुकीच्या दिशेने चालला आणि उभाच्या उभा कोसळला.

कवटी उघडून रक्त काढावं लागलं. हेरन्स एकेचाळीस-सहाने हरले, पण सामना नोंदला गेला. लीगमध्ये संघ टिकला. पत्र्याची खोलीही टिकली.

पाच आठवड्यांनी क्लिफ इस्पितळात गेला. इतके दिवस रुग्णवाहिकांच्या थांब्यापर्यंत जाऊन तो परत फिरत होता. लायलची आई, लोरेन, वॉर्डाबाहेरच्या खुर्चीवर बसलेली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई, अंगावर अजून कामाचाच निळा अंगरखा.

"तुम्ही क्लिफ ना?" ती उठली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. "शनिवारी फोनवर तो म्हणाला, आई, डोकं जरा दुखतंय. मी म्हटलं, मुळीच खेळायचं नाही! तर म्हणतो, अगं, क्लिफने हेल्मेट काढून घेतलं नाही म्हणजे मी ठीकच असणार. मग मी म्हटलं, बरं बाबा, जा."

क्लिफने हात सोडवून घेतला.

"बाई, त्याने मला बुधवारीच सांगितलं होतं. दोन दोन दिसतात म्हणून. मला गडी कमी पडत होता."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वॉर्डाचं दार उघडून धरलं.

"हे त्याला सांगा," ती म्हणाली. "मला नको. त्याला सांगा जा."

लायल उशीला टेकून बसला होता. डोक्याची एक बाजू भादरलेली, उजवा हात मांडीवर निपचित. क्लिफला पाहून त्याचा चेहरा उजळला. "क्लिफ!" शब्द सावकाश येत होते. "किती होतो... आपण?"

"बावीस."

"मग पुरलो ना?"

"पुरलो." क्लिफ खाटेजवळ बसला. आयुष्यात त्याने कुणाची माफी मागितली नव्हती, बेरिलचीसुद्धा नाही. त्याने सगळं सांगितलं. यादी, कपाट, ओरडायला वेळ होता तेही. "चूक माझी, पोरा. तू खरं बोललास आणि मी तुला विकलं." म्हाताऱ्याच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

लायलने सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्याचे डोळे भरून आले, डावा हात उचलून त्याने क्लिफच्या बाहीवर ठेवला. नर्स पाण्याचा पेला घेऊन आली, त्याने दोन घोट घेतले, ती गेली. लायलने पुन्हा इकडे मान वळवली आणि त्याचा चेहरा पुन्हा तसाच उजळला.

"क्लिफ! कधी आलास? किती होतो... आपण?"

क्लिफने दाराकडे पाहिलं. लोरेन तिथे उभी होती, हलली नाही. रोज दिवसभर ती हेच ऐकत होती.

"बावीस," क्लिफ म्हणाला, आणि त्याने पुन्हा बुधवारपासून सांगायला सुरुवात केली.