व्याह्यांसाठी केळीची टोपी

आमच्या गल्लीत ज्यूंचं घर एकच आहे, आणि ते आमच्याच वरच्या मजल्यावर आहे. खाली मी आणि हे राहतो, वर आमचा नीरज आणि त्याची बायको रूथ. रूथ रेवदंड्याची, बेने इस्राएल. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलते. (आम्ही पडलो बुऱ्हाणपूरचे. आमचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीला जाऊन मिळतं आणि मग परत येत नाही.) वरच्या दाराच्या चौकटीवर तिनं एक छोटी डबी ठोकली आहे, तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातला मजकूर असतो. येता-जाता ती तिला हात लावते. मीही लावते. आपलं काय जातं!

मागच्या डिसेंबरात रूथचे पप्पा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येणार होते. राहायला म्हणजे एक रात्र. हनुक्का हा त्यांचा दिव्यांचा सण, चांगला आठ दिवस चालतो. पण पप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. मुलीच्या सासरी मुक्काम ठोकायचा नाही, हा त्यांचा जुना बाणा. रूथची आई गेल्यापासून ते रेवदंड्याच्या घरात एकटेच दिवे लावायचे, आणि रूथला त्याचं फार लागायचं.

"आई, एकदा तरी पप्पांनी आठही दिवस माझ्याजवळ राहावं," असं ती म्हणाली, तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि माझ्या अंगात आलं.

"तू काळजीच करू नको," मी म्हटलं. "असं घर सजवते की व्याहीबुवा तिकीट फाडून टाकतील."

"फार काही नको हं, आई," ती घाबरून म्हणाली. "खिडकीत दिवा लावायचा, थोडं तळण करायचं. झालं."

थोडं! हा शब्द माझ्या माहेरी कुणी मला शिकवलाच नाही.

मी माळ्यावरून दिवाळीचा आकाशकंदील काढला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'शुभ दीपावली' होतं, तिथं निळा कागद चिकटवला. अंगणात सहा टोकांच्या चांदणीची रांगोळी काढली. दाराच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले, कारण ह्यांची केळीची आडत आहे आणि आमच्या घरात कुठलंही कार्य केळीच्या खांबांशिवाय झालेलं नाही. चौकटीवरच्या त्या डबीला हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं, तेवढ्यात रूथनं हात धरला.

"आई, तिला नको."

"बरं बाई. तिला राहू दे."

मग दिव्याचा विषय निघाला. त्यांची गोष्ट अशी, की फार पूर्वी त्यांच्या मंदिरात एका दिवसापुरतंच तेल उरलं होतं, ते आठ दिवस पुरलं. म्हणून पहिल्या दिवशी एक दिवा लावायचा आणि रोज एकेक वाढवत न्यायचा. शिवाय बाकीचे पेटवायला एक सेवक दिवा, असे एकूण नऊ. रूथकडे एक पितळी दिवा होता, पण एवढासा! मी म्हटलं, असल्या दिव्यानं काय माणूस आठ दिवस थांबणार? मी चांगला पुरुषभर केळीचा खांब आडवा टाकला, त्याला ओळीनं नऊ खळगे पाडले आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत नेऊन ठेवला.

हे आडतीवरून आले, खांबाकडे बघत उभे राहिले. "अगं, त्याच्यात पाणी असतं."

"तुम्ही केळीचे भाव बघा," मी म्हटलं. "सण मी बघते."

राहिली भेटवस्तू. रूथ म्हणाली होती की लहानपणी तिच्या घरी हनुक्काला एकमेकांना हातानं केलेल्या वस्तू द्यायचे. मी लगेच निंबोल्याला माझ्या नणंदेकडे, सुलूताईंकडे गेले. त्या केळीच्या खांबाचे धागे काढून टोपल्या, चटया विणतात. मी ठरवलं की व्याह्यांना प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर घालायची टोपी विणून द्यायची. कोकणातल्या माणसाच्या डोक्यावर आमच्या बुऱ्हाणपूरची केळी!

"भावजय, धागे चांगले तीन-चार पाण्यांतून काढायचे," सुलूताईंनी बजावलं. "मग कडक उन्हात वाळवायचे. चीक सगळा गेला पायजे. घाई नको करू हां."

"हो हो," मी म्हटलं आणि ओले धागे घेऊन ऑटोत बसले.

वेळ कुठे होता? एक पाणी दाखवलं आणि ओलीच टोपी विणायला घेतली. माप ह्यांच्या डोक्याचं घेतलं. (ह्यांचं डोकं मोठं आहे. आत काय आहे ते बत्तीस वर्षांत कळलेलं नाही, पण मोठं आहे.) रूथ बिचारी म्हणाली, "आई, ही टोपी बशीएवढी असते, फक्त टाळूवर बसते." मी म्हटलं, "मग ही कानावर येईल. थंडीचे दिवस आहेत!" शेवटी वरून गरम इस्त्री फिरवली. बाहेरून टोपी कशी खडखडीत वाळलेली दिसत होती. आतून कोण बघतं?

संध्याकाळी व्याही आले. अंगात पांढराशुभ्र शर्ट, डोक्यावर मखमलीची चिमुकली टोपी, हातात पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणि चेहरा परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा. दारात थांबून त्यांनी खांब बघितले, रांगोळी बघितली. तेवढ्यात नीरजनं कंदिलाचा दिवा लावला आणि निळ्या कागदातून 'शुभ दीपावली' लखलखीत बाहेर आलं.

"विहीणबाई, तुमची दिवाळी अजून चालू आहे वाटतं?"

"तुमच्यासाठी वाढवली, भाऊ," मी म्हटलं. हे खोकले.

मग मी टोपी दिली. व्याही सज्जन माणूस! त्यांनी आपली मखमली टोपी काढून खिशात ठेवली, माझी डोक्यावर चढवली. ती जी घसरली ती भुवयांवर येऊनच थांबली. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. नीरज माझ्या कानात म्हणाला, "मम्मी, ये टोपी है या टोपली?" मी त्याला कोपर मारलं.

"हातची आहे, पप्पा," रूथ हळूच म्हणाली.

"हो ना, कळतंय," ते म्हणाले. "आता झोपेपर्यंत काढणार नाही." आणि खरंच काढली नाही! चांगुलपणाही माणसाला कसा नडतो बघा.

दिवे लावायची वेळ झाली. नऊच्या नऊ खळग्यांत मी काठोकाठ तेल भरून ठेवलं होतं.

"आई, आज एकच लावायचा," रूथ म्हणाली. "आणि सेवक."

"पण तुझे पप्पा उद्या जाणार ना? मग त्यांच्या वाटणीचे आठही आजच लावून टाकू!"

"आई, तसं नसतं."

व्याह्यांनी शांतपणे प्रार्थना म्हटली, सेवक पेटवला, त्यानं पहिला दिवा पेटवला. आम्ही हात जोडून उभे. आणि मग 'तड्' असा आवाज आला. मग 'तडतड'. केळीच्या खांबातलं पाणी खळग्यांत उतरलं होतं आणि तेल वर तरंगत होतं. वात पाण्याला टेकली तसं तेल चारी दिशांना उडायला लागलं. एक थेंब पडद्यावर, एक ह्यांच्या चष्म्यावर.

"तेल कमी पडतंय!" मी ओरडले आणि किटली घेऊन धावले.

"अगं, घालू नकोस!" हे.

"मम्मी, रहने दो ना यार!" नीरज.

मी घातलं. खळगे भरून वाहिले. तेलाची धार खिडकीतून खाली, आणि खाली शेजारच्या भाभींची स्कूटर उभी होती. "अरे, ऊपर से क्या गिर रहा है?" असा आवाज आला, तोवर दोन्ही दिवे चुर्र करून विझले होते. त्यांच्या मंदिरात एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं. माझ्या घरात आठ दिवसांचं तेल आठ मिनिटांत भाभींच्या सीटवर गेलं.

रूथचा चेहरा पडला होता. पप्पांच्या समोर, पहिल्याच संध्याकाळी, दिवा विझला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी किटली पदराआड लपवली.

व्याह्यांनी टोपी भुवयांवरून जरा वर सरकवली आणि आपलं खोकं उघडलं. आत घासून गुळगुळीत केलेल्या नारळाच्या नऊ करवंट्या एका लाकडी पट्टीवर बसवलेल्या होत्या, प्रत्येकीत काचेची छोटी वाटी.

"मी केला, घरी बसून," ते रूथला म्हणाले. "तुझ्यासाठी. पण विहीणबाईंची एवढी मेहनत बघितली, मग काढायचा धीर झाला नाही."

"भाऊ, काढायचा ना आधीच!" मी म्हटलं.

"आमचे पूर्वज तेलाच्या घाण्यावर जगले, विहीणबाई. तेल असं वाहताना बघून बोलायला होत नव्हतं."

पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. दिवा लागला आणि छान तेवत राहिला. मग मी तळणाला बसले. भजी झाली, गुलगुले झाले. व्याही कढईशेजारीच पाट घेऊन बसले आणि गरम गरम खात राहिले. टोपीखालून घाम ओघळत होता, पण मान म्हणून टोपी तशीच. रूथनं दोनदा विचारलं, "पप्पा, राहा ना." ते दोनदा म्हणाले, "नाही गं, तिकीट आहे." मी तिसऱ्यांदा विचारणार होते, पण पडद्यावरच्या तेलाकडे लक्ष गेलं आणि पुढचा घाणा तळायला घेतला. एवढं करूनही माणूस सकाळी निघणारच होता. रूथ मान खाली घालून भांडी आवरत राहिली.

केळीच्या चिकाची एक खोड आहे. तो लागतो तेव्हा दिसत नाही, नंतर काळा पडतो. सकाळी व्याही तोंड धुऊन बाहेर आले आणि माझ्या हातातला चहाचा कप बशीत आपटला. कपाळावर भुवयांच्या वर, दोन्ही कानांवरून, मागे मानेपर्यंत एक रुंद काळपट पट्टा! टक्कल मात्र मध्ये स्वच्छ.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आम्ही चौघं एकदम म्हणालो. इतकं एकमत आमच्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्यांनी आरसा बघितला. मग मी लिंबू आणलं, बेसन आणलं, खोबरेल आणलं. घासून घासून कपाळ लालबुंद झालं, पट्टा जागच्या जागी. शेवटी ह्यांनी चष्मा चढवला आणि पट्टा नीट तपासला. आडतीत घड तपासतात तसा.

"चीक आहे," हे म्हणाले. "अस्सल."

"निघेल ना?"

"निघेल की. कातडीवरचा आहे, आठवड्याभरात निघेल. कपड्यावरचा असता तर जन्मभर."

व्याह्यांनी खिशातून मखमली टोपी काढून घालून बघितली. ती टाळूवर बशीसारखी बसली आणि खाली पट्टा. आता तर तो मुद्दाम काढल्यासारखा दिसायला लागला.

"परवा आमच्याकडे प्रार्थनेला सगळी मंडळी जमणार," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "विचारतील, मुलीच्या सासरी काय झालं? काय सांगू?"

मी पदराचं टोक चावत उभी होते. व्याह्यांनी पुन्हा एकदा आरसा बघितला, बराच वेळ बघितला. मग नीरजकडे वळले.

"जावईबापू, ते तिकीट रद्द होतं का हो?"

रूथ तिथून पळालीच. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले, तर ती ओट्याला टेकून रडत होती आणि हसत होती. तिनं मला घट्ट मिठी मारली. मीही रडले. (थोडं बेसन डोळ्यांत गेलं होतं, पण रडले.)

आठही दिवस व्याही राहिले. रोज संध्याकाळी रूथ एक दिवा वाढवायची आणि ते शेजारी उभे राहून प्रार्थना म्हणायचे. ह्यांच्याशी तर त्यांचं असं जमलं की दुपारी पत्ते सुरू झाले. पट्टा काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा पिवळा. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "ताई, एवढे कडक व्याही थांबवले कसे हो?" मी म्हणायचे, "माया लावावी लागते." हे आतून खोकायचे. ह्यांना खोकल्याचं औषध द्यायला हवं.

निरोपाला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. कपाळ आता स्वच्छ होतं. गाडीच्या खिडकीतून त्यांनी हात जोडले.

"विहीणबाई, पुढच्या वर्षी आपणहून येतो, आठ दिवस राहतो. शब्द देतो. फक्त टोपी नका करू."

रूथनं माझा हात दाबला. मला फार आनंद झाला. "नाही हो भाऊ, टोपी नाही करणार," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. त्या आठवड्यात मी टोपी केलीच नव्हती. प्रवासात डोक्याखाली घ्यायला त्यांना एक उशी शिवून दिली होती, आणि उरलेल्या धाग्यांचा तिला अभ्रा विणला होता. या खेपेला धागे दोनदा धुतले होते.

गाडी हलली. व्याह्यांनी पिशवीतून उशी काढली, माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवली आणि तिच्यावर गाल टेकून डोळे मिटले. मी प्लॅटफॉर्मवरून हात हलवत राहिले. दुसरं काय करणार!